निकाल लागला, काम कुठे संपलं?

निवडणुकीत मनाविरुद्ध निकाल लागला की पुढचे काही आठवडे कार्यकर्त्यांमध्ये एकच वाद चालतो आणि तो दर वेळी तितकाच वाईट घातला जातो. एक बाजू म्हणते, "खचू नका, सकारात्मक राहा, रात्र संपतेच." दुसरी म्हणते, "कशाला मरमर करायची? लोकांनाच हे हवंय ना, मग भोगू देत." पहिलं ऐकून ज्याचं खरोखरच काही गेलंय त्याच्या डोक्यात तिडीक जाते, दुसरं ऐकून ज्याच्या हातात अजून काम आहे त्याचं अवसान गळतं. वरवर ही दोन टोकं दिसतात, पण दोघांचा पाया एकच आहे. आशा म्हणजे भाकीत, असं दोघेही धरून चालतात. पुढच्या वेळी नक्की जिंकू, म्हणून लागा कामाला, हा एकाचा हिशेब. पुढच्या वेळीही हरणारच, मग शिणायचं कशाला, हा दुसऱ्याचा. पुढच्या वेळी काय होणार हे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही. ज्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही त्यावर वर्षानुवर्षांचं काम टांगून ठेवायचं, इथेच या वादाचं गाडं अडतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. स्वयंसेवी कामाची बांधिलकी निकालाशी नसते, माणसांशी असते. संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येणारी मुलं, अर्ज कसा भरायचा हे विचारायला येणारी म्हातारी माणसं, मतदारयादीत नाव नसलेले तरुण, दवाखान्यात कुणीतरी सोबत यावं म्हणून वाट पाहणारी बाई, यांतल्या कुणालाही आपण "आमची माणसं निवडून आली तर येऊ" असं सांगितलेलं नव्हतं. मग हरल्यावर न येण्याची मुभा आपल्याला कुणी दिली? आणि आशेचं म्हणाल, तर ती आधी मनात साठवायची आणि मग कामाला निघायचं, असा क्रम क्वचितच असतो. बहुतेक वेळा ती काम करता करता आणि कामामुळेच तग धरते. घरी बसून आकडेवारीचा कीस पाडणाऱ्याला ती सापडत नाही याचं नवल वाटायला नको.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. अभ्यासवर्गाची खोली उघडायची आहे. शिकवणारा रात्रभर जागलेला, कुणाशी बोलायची इच्छा नसलेला. दाराशी पाच-सहा मुलं बसलेली. त्यांतल्या एका मुलीचं अपूर्णांकांच्या बेरजेवर अडलंय. तिने वरचे अंक वरच्यांत मिळवलेत, खालचे खालच्यांत. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून तिच्या वहीत दोन पंचमांश आलेत. अर्ध्यात भर घातली तरी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं, हे तिला स्वतःलाच खटकलंय आणि तेच विचारायला ती थांबली आहे. तिला निकाल ठाऊक असेल, नसेलही. आज मन ठिकाणावर नाही, उद्या ये, असं तिला एक दिवस सांगता येईल. माणूस आहे, चालायचंच. पण महिनाभर? वर्षभर? जे "लोकांनी निवडलंय" असं आपण म्हणतो, त्या लोकांत ही मुलगी कुठे बसते? तिला तर मतच नाही.

तरीही "लोकांचा कौल" हा मुद्दा असा झटकून टाकण्यासारखा नाही. विरोधी बाजूचा तो सगळ्यात जोरकस युक्तिवाद आहे आणि तो नीट मांडला तर असा होतो : तुम्ही वर्षानुवर्षं घरोघर फिरलात, लोकांच्या अडीअडचणीला धावलात, आणि मतपेटीत त्यांनी तुमच्या सांगण्याच्या नेमकं उलट केलं; यातून तुम्हाला काही शिकायचं आहे की नाही? निश्चित आहे. पहिली गोष्ट ही, की मदत केली म्हणजे मत विकत घेतलं असं होत नाही, आणि होऊही नये. ज्याने मदत घेऊन विरोधात मत दिलं त्याने कुणाचाही विश्वासघात केलेला नाही. त्याने आपला हक्क वापरला. दुसरी गोष्ट ही, की आपण ज्यांच्यात वावरत होतो त्यांचं काही तरी आपल्या कानावर पडूनही आपण ऐकलं नसावं. हे दोन्ही मान्य. पण एवढ्यावरून "लोक असेच आहेत आणि असेच राहणार" हा निष्कर्ष निघत नाही. कौल त्या दिवसापुरता खरा असतो. तो माणसांचा कायमचा स्वभाव ठरवायचा अधिकार कुणाला दिला?

स्वित्झर्लंडचं उदाहरण इथे मुद्दाम आठवावं. 1 फेब्रुवारी 1959 रोजी तिथे राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही यावर सार्वमत झालं. मत द्यायचं होतं अर्थातच फक्त पुरुषांनी, आणि त्यांतल्या जवळजवळ 67 टक्क्यांनी नाही म्हटलं. याहून स्वच्छ नकार कोणता असतो? दूरच्या राजधानीतल्या कुणा हुकूमशहाने तो दिलेला नव्हता. बाप, भाऊ, नवरे, शेजारी यांनी दिलेला होता. दोन दिवसांनी बाझलमधल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी संप केला. पण खरी गोष्ट त्याच रविवारी दुसरीकडे घडली होती. व्हो नावाच्या प्रांताने, त्याच दिवशी, आपल्या हद्दीपुरता स्त्रियांना मताधिकार मंजूर केला. त्याच वर्षी न्यूशातेल आणि पुढच्या वर्षी जिनिव्हा त्याच वाटेने गेले. मग प्रांतामागून प्रांत, गावामागून गाव, समित्या, सभा, पत्रकं, पुन्हा मतदान, कुठे पुन्हा हार. 7 फेब्रुवारी 1971 रोजी तोच प्रश्न पुन्हा राष्ट्रापुढे आला आणि जवळजवळ 66 टक्क्यांनी होय म्हटलं. मतदार तेव्हाही पुरुषच होते. 1959च्या त्या रविवारी ज्या बायका "हे पुरुष सुधारणार नाहीत" म्हणून घरी गेल्या असत्या त्यांना कुणी दोष दिला नसता. पुरावा त्यांच्याच बाजूने होता. अर्थात या गोष्टीची दुसरी बाजूही लपवायला नको. मधल्या बारा वर्षांत कित्येक जणी मत न देताच गेल्या, आणि आपेन्झेल इनर्‌होडन या एका छोट्या प्रांतात तर प्रांतिक मताधिकारासाठी 1990मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. काम केलं की वेळेवर फळ मिळतं, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मग फळाची खात्री नसताना माणसं कशाच्या जोरावर टिकतात? मला याचं उत्तर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या एका हरलेल्या विधेयकात दिसतं. मार्च 1911मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. मागणी किती माफक होती बघा : स्थानिक संस्थांना हवं असेल तर त्यांनी आपल्या भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू करावं, तेही सुरुवातीला मुलग्यांपुरतं, आणि जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात आहेत तिथेच. वर्षभर खल झाला. मार्च 1912मध्ये मतदान झालं, 13 विरुद्ध 38. त्या चर्चेत मतदानाआधीच गोखले काय म्हणाले ते पाहण्यासारखं आहे. आपलं विधेयक आज फेटाळलं जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही आणि आपण खचणारही नाही. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणं आलं आहे, यशातून सेवा करण्याचं भाग्य पुढच्यांना लाभेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आशा म्हणजे भाकीत असं मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा अर्थ लावून दाखवावा. गोखल्यांचं भाकीत हरण्याचं होतं, ते अचूक ठरलं, आणि तरी तो माणूस निराश नव्हता.

याला कुणी भाबडेपणा म्हणेल. पण त्या विधेयकातली अट पुन्हा वाचा : जिथे ठरावीक मुलं आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती. म्हणजे कायदा यायच्या आधी कुणीतरी शाळा चालवलेल्या असायला हव्या होत्या, मुलं गोळा केलेली असायला हवी होती, आईबापांची समजूत घातलेली असायला हवी होती. कायदेमंडळातली लढाई आणि गल्लीतली शाळा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकीशिवाय दुसरी उभीच राहू शकत नव्हती. पुढे 1917मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1918मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा कायदा झाला. गोखल्यांची फेटाळलेली कल्पना सहा वर्षांत कायदा होऊन परतली. गोखले ते पाहायला नव्हते, ते 1915मध्येच गेले. देशभरातल्या मुलांसाठी शिक्षणहक्काचा कायदा मात्र 2009 साली झाला. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत ज्या पिढ्या निरक्षर राहिल्या त्यांचं नुकसान कुठल्याही विजयाने भरून येत नाही. मी हे सांत्वन म्हणून सांगत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मतदानात पडलेली गोष्ट आणि मेलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि तो फरक मधल्या काळात कुणीतरी काम करत राहण्यानेच पडतो.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. तो असा : सरकारने टाकून दिलेली जबाबदारी तुम्ही फुकटात उचलता. शाळेत शिक्षक नाही, तर तुम्ही अभ्यासवर्ग काढता. दवाखान्यात औषध नाही, तर तुम्ही वर्गणी गोळा करता. ज्यांनी हे घडवलं त्यांच्या चुका झाकल्या जातात आणि लोकांचा राग निवळतो. थोडक्यात, तुमची सेवा म्हणजे ठिगळ, आणि ठिगळ लावल्याने फाटकं कापड अजून काही वर्षं चालून जातं. हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे. असे सेवाभावी उपक्रम आपण सगळ्यांनी पाहिले आहेत जिथे कुणी "हे का फाटलं?" असा प्रश्न विचारलेला चालत नाही, आणि विचारणाऱ्याला राजकारण आणू नका म्हणून गप्प केलं जातं. अशा सेवेची बाजू मला घ्यायचीच नाही.

पण यावरचा उपाय काम सोडणं हा कसा असेल? फाटलंय कुठे आणि किती, हे सगळ्यात आधी कळतं कुणाला? नारायण मल्हार जोशी गोखल्यांच्याच भारत सेवक समाजाचे. 1911मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं, अडलेल्या माणसाला सल्ला, अशी अगदी साधी, आजच्या भाषेत "बिनराजकीय" म्हणावीत अशी कामं. त्या कामातून जोशींना जे कळलं ते कुठल्या अहवालातून कळलं नसतं. 1920मध्ये आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या उभारणीत ते पुढे होते. त्याच सुमाराला मद्रासमधल्या गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि कामगार संघटनेला कायद्याचं कसलंही संरक्षण नाही हे उघड झालं. चळवळीसाठी तो निकाल हादरवणारा होता. जोशींनी 1921मध्ये कायदेमंडळात ठराव आणला की संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करा. कायदा 1926मध्ये झाला. रात्रशाळेपासून कायद्यापर्यंत पंधरा वर्षं. ती रात्रशाळा ठिगळ होती का? असेलही. पण कंदिलाच्या उजेडात समोर बसलेल्या कामगाराचं ऐकत ज्याने वर्षं काढली त्यालाच नेमकं काय मागायचं ते उमगलं.

रशियातही असंच घडलं. 1891-92च्या दुष्काळात झारचं सरकार अपुरं पडलं आणि डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, लेखक मदतीला धावले. टॉलस्टॉयने तर रियाझान भागात शेकडो अन्नछत्रं चालवली. या मदतीने झारशाहीला जीवदान मिळालं असं म्हणता येईल का? झालं उलटंच. गावोगाव जाऊन ज्यांनी उपासमार डोळ्यांनी पाहिली त्यांचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास उडाला, आणि दहा वर्षं गप्प बसलेला सुशिक्षित समाज पुन्हा राजकारणाबद्दल बोलू लागला. सेवा माणसाला राजकारणापासून दूर नेते की त्याच्या गाभ्याकडे नेते, हे सेवा करताना तो प्रश्न विचारतो की नाही यावर ठरतं. म्हणून अभ्यासवर्ग चालवा आणि शाळेतलं शिक्षकाचं पद किती दिवस रिकामं आहे हेही लिहून ठेवा. अर्ज भरून द्या आणि किती अर्ज कोणत्या कारणाने परत आले याची वही ठेवा. एक अर्ज परत येणं हे त्या माणसाचं नशीब म्हणून खपतं. एकाच कारणाने परत आलेल्या अर्जांची वही पुढे ठेवली की त्याला उत्तर द्यावं लागतं.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण मनात असतो, आणि तो उच्चारायलाच हवा. आशा ही सुखवस्तूंची चैन आहे. ज्याचं घर, नोकरी, सुरक्षितता निकालाने हलत नाही त्याला "धीर धरा" म्हणणं सोपं असतं. ज्याच्या दाराशी त्या निकालाचे परिणाम उद्या येऊन उभे राहणार आहेत त्याने कुणाच्या तोंडाकडे बघून हसायचं? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ज्याचं गेलंय त्याला रागवायचा हक्क आहे, आणि त्याच्या रागावर आशेचं पाणी ओतायचा हक्क इतर कुणालाही नाही. मात्र राग आणि काम यांत एकच निवडावं लागतं, हे मला मान्य नाही. हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. काही महिन्यांतच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून हरले. 1954मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला मतदारांनी दोनदा नाकारलं, याहून जिव्हारी लागणारं काय असतं? त्यांनी आपला संताप लपवला नाही. पण त्याच काळात औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय चालू होतं, वाढत होतं. 1950मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयात शिकलेल्या पिढीने पुढे दलित साहित्याच्या चळवळीत केवढा वाटा उचलला हे मराठी वाचकाला सांगायला नको. आणि रखडलेलं बिलही 1955-56मध्ये तुकड्यातुकड्यांनी का होईना, कायदा झालं.

राग कामापासून तुटला की काय होतं तेही इतिहासात आहे. 1874च्या उन्हाळ्यात हजारो रशियन तरुण शेतकऱ्यांत जाऊन राहायला खेड्यांकडे निघाले. शेतकऱ्यांना त्यांचं बोलणं उमजलं नाही. कुठे कुठे त्यांना पोलिसांच्या हवाली केलं गेलं, आणि शेकडोंवर खटले भरले गेले. "लोक लायकीचे नाहीत" या निष्कर्षाला आलेल्यांपैकी काहींनी बॉम्ब हाती घेतला. मार्च 1881मध्ये त्यांनी झार दुसऱ्या अलेक्झांडरला मारलं. लोकप्रतिनिधींना मर्यादित का होईना सल्ल्याचं स्थान देणाऱ्या योजनेला त्याच सकाळी त्या झारने संमती दिली होती. त्याच्या मुलाने ती गुंडाळून ठेवली आणि दडपशाही वाढली. लोकांवरचा विश्वास उडालेल्या माणसाला लोकांच्या वतीने काहीही करावंसं वाटू शकतं, ही त्यातली भीती आहे. आज बहुतेकांच्या बाबतीत तो विश्वास उडाल्यावर हातात बॉम्ब येत नाही, फक्त तुच्छता येते. तीही कमी नुकसान करत नाही.

थकव्याबद्दल थोडंच बोलतो. तो खरा असतो, आणि थकलेल्याला "चळवळीसाठी झिजा" म्हणणारे पुढारी माणसं जाळून टाकतात. आठवड्यातून चार दिवस जमत नसेल तर एक दिवस या, पण तो ठरलेला असू द्या. थांबायचंच असेल तर सांगून थांबा, म्हणजे तुमची जागा कुणीतरी घेईल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी न सांगता नाहीसं होणं मात्र ज्यांना आधीच अनेकांनी सोडून दिलंय त्यांच्या वाट्याला आणखी एक सोडून जाणं देतं.

आणि एक गोष्ट, जी हरल्यानंतर सगळ्यात अवघड जाते. मदत मागायला आलेल्या माणसाकडे बघताना मनात येतं, याने कुणाला मत दिलं असेल? वस्ती पाहून, आडनाव पाहून अंदाजही बांधला जातो. आवाज किंचित कोरडा होतो, कागद वाचायला थोडा उशीर होतो, आणि समोरच्याला ते लगेच समजतं. असा अनुभव त्याने सरकारी खिडकीवर अनेकदा घेतलेला असतो. आपल्याकडे तो आला तो ती खिडकी चुकवून. त्याचा विधवा पेन्शनचा, रेशनकार्डाचा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद तेवढ्याच लक्षाने वाचायचा, कोणता दाखला कमी आहे ते सांगायचं, तो कुठे मिळतो ते लिहून द्यायचं. राजकारणावर त्याच्याशी बोलायचं असेल तर जरूर बोला, भांडा, आपलं मत स्पष्ट सांगा. पण कागद हातावेगळा झाल्यावर. त्याच्या मनात काय आहे, त्याने तसं मत का दिलं, हे पुढच्या वेळेआधी समजून घ्यायची संधीही नेमकी तिथेच मिळते, कारण एरवी तो आपल्या सभेला येत नाही आणि आपण त्याच्या सभेला जात नाही.